मार्फत

पत्ता लिहिण्याची आपली जुनी रीत आता फारशी पाहायला मिळत नाही. ‘मु. पो. अमुक, ता. तमुक, जि. पुणे’ असे लिहायचे, आणि पत्राचा धनी बिऱ्हाडकरू असेल, विद्यार्थी असेल, किंवा नुकताच नोकरीला लागून कोणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकून राहिला असेल, तर मध्ये आणखी एक ओळ घालायची : ‘रा. रा. अमुकअमुक यांचे मार्फत’. ही मार्फतवाली मंडळी मोठी सोशिक असत. पत्र त्यांचे नसे, त्यातली खुशाली त्यांची नसे, मनिऑर्डर तर नसेच नसे. पण पोस्टमनने हाक मारली की उठून ओ द्यायची ती त्यांनीच, आणि संध्याकाळी पोरगा कामावरून आला की “अरे, तुझं पत्र आलंय, देवळीत ठेवलंय” हे आठवणीने सांगायचे तेही त्यांनीच. बदल्यात काय मिळायचे? फार तर दिवाळीला पोराच्या गावाकडून आलेला कडबोळ्यांचा एक डबा.

पत्त्याची दुसरी मौज अशी, की आपण तो वरून खाली लिहितो आणि टपालखाते तो खालून वर वाचते. आपल्या लेखी नाव सर्वांत महत्त्वाचे; पुण्याकडे जाणारी थैली नागपुरास भरणाऱ्या माणसाला त्या नावाशी कर्तव्य नसते. तो फक्त ‘जि. पुणे’ एवढेच पाहतो. पुण्यातला तालुका पाहतो, तालुक्यातला गाव पाहतो, आणि नावापर्यंत पोचतो तो एकटा गावचा पोस्टमन. प्रत्येकाने आपल्यापुरता पुढचा एक टप्पा पाहायचा आणि मोकळे व्हायचे, एवढ्यावर हा डोलारा उभा आहे. या खालून वर वाचण्याला आकड्यांचे रूप दिले ते एका मराठी माणसाने. दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतातले कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ‘पिनकोड’ची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. सहा आकडे : पहिला विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा छाननीच्या जिल्ह्याचा, आणि उरलेले तीन त्या त्या टपालकचेरीचे. आपल्या पुणे शहराचे ४११, ग्रामीण पुण्याचे ४१२. छंद आणि मात्रा यांचा हिशेब ठेवणाऱ्या कवीलाच हे सुचावे यात मला तरी नवल वाटत नाही.

वाचकहो, हे पत्तापुराण लावण्याचे कारण म्हणजे आमचे मेहुणे. माझ्या पत्नीचे थोरले बंधू. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मुळशी तालुक्यातल्या रिहे या गावी लहानसे घर बांधले. चांदणी चौकातून निघून भूगाव, भुकूम, पिरंगुट असे करीत घोटवडे फाट्याला वळायचे आणि घोटवड्यावरून पुढे जायचे. आजूबाजूला भातखाचरे, पावसाळ्यात चहूकडून पाणी, आणि दिवाळीच्या सुमारास कापणीला आलेल्या भाताचा वास. अशा ठिकाणी निवृत्त मनुष्याने गुलाब लावावेत, ज्ञानेश्वरी वाचावी, फार तर ग्रामपंचायतीत लक्ष घालावे. आमचे मेहुणे हौशी लोकांच्या एका संदेशजाळ्यातली टपालकचेरी चालवतात.

ही कचेरी म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. इंटरनेट घरोघर पोचण्याच्या पुष्कळ आधी ‘बुलेटिन बोर्ड’ नावाची एक चीज होती. शाळेच्या सूचनाफलकासारखीच, फक्त संगणकातली. शिकागो शहरात १९७८च्या जानेवारीत बर्फाचे मोठे वादळ झाले, लोक घरात कोंडले गेले. त्या सक्तीच्या सुट्टीत वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोघा मित्रांनी संगणकाला टेलिफोन जोडून असा पहिला फलक उभा केला. ज्याच्याकडे संगणक आणि मोडेम असेल त्याने त्या नंबरावर फोन लावायचा, आपला मजकूर चिकटवायचा, दुसऱ्यांचा वाचायचा, आणि फोन ठेवून द्यायचा. मग दुसऱ्याने लावायचा. फोनची लाइन एकच.

पुढे असे फलक गावोगाव झाले, आणि गावोगावचे लोक झाले म्हणजे जे होते तेच झाले : या गावच्या माणसाला त्या गावच्या माणसाशी बोलावेसे वाटू लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी १९८४ साली त्याला युक्ती काढली. दिवसभर आलेली परगावची पत्रे संगणकाने साठवून ठेवायची आणि मध्यरात्री, ट्रंक कॉलचे दर उतरले की, एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला फोन करून ती हवाली करायची. या जाळ्याचे नाव ‘फिडोनेट’. फिडो हे तिकडे कुत्र्याचे नाव, आपल्याकडच्या मोत्यासारखे.

या जाळ्याच्या आरंभकाळची एक गोष्ट स्वतः जेनिंग्ज यांनी सांगितलेली आहे. यादीत एक नंबर चुकीचा पडला. तो निघाला एका वृद्ध बाईंचा. झाले! रोज रात्री यंत्रे इमानेइतबारे त्या बिचारीला फोन लावीत. ती उठून ‘हॅलो’ म्हणे आणि पलीकडे माणूसच नसे. यंत्राला वाटे की आज जमले नाही, पुन्हा लावू. माणसाने एकदा चुकीचा नंबर फिरवला तर ओशाळतो आणि थांबतो. यंत्राला ओशाळणे ठाऊक नाही. म्हणून या छंदात यादी बिनचूक ठेवणे हे पहिले कर्तव्य मानले गेले. ती सांभाळण्याचे काम लवकरच सेंट लुइस शहरातल्या हौशी मंडळींनी अंगावर घेतले आणि १९८५ साली पत्त्याची नवी मांडणी आली. तीत पुढे जगाचे सहा विभाग पडले. आधी विभागाचा आकडा, मग त्यातल्या जाळ्याचा, मग घराचा, आणि त्या घराच्या आश्रयाने कोणी असेल तर शेवटी एक टिंब देऊन त्याचा. जिल्हा, तालुका, गाव आणि ‘यांचे मार्फत’! आशिया खंडाचा विभाग सहावा होता. घरे विरळ झाली तेव्हा २००७ साली तो तिसऱ्यात विलीन झाला. १९९०च्या दशकाच्या मध्यास या जाळ्यात जगभर ४०,००० च्या आसपास घरे होती, आणि त्यांतले एकही पगारी नव्हते.

आपल्याकडे ही हौस आली ती मोठ्या शहरांत. मुंबईत सुचित नंदा यांचा ‘लाइव्ह वायर’ नावाचा फलक होता. बंगळुरात अतुल चिटणीस यांनी १९८९ साली ‘सीआयएक्स’ सुरू केले. चिटणीस यांचा जन्म बर्लिनचा, अभियांत्रिकीचे शिक्षण मात्र आपल्या बेळगावचे. २०१३ साली ते अकाली गेले. मराठीच्या मास्तरला त्यांच्या आडनावाकडे दुर्लक्ष करणे शक्य नाही. शिवछत्रपतींच्या पदरी बाळाजी आवजी हे चिटणीस होते, म्हणजे राज्याच्या पत्रव्यवहाराची लेखणी त्यांच्या हाती. तीनशे वर्षांनी एका चिटणिसाने पुन्हा लोकांच्या पत्रांचीच व्यवस्था लावावी, याला योगायोग म्हणावे की आडनावाची ओढ?

त्या काळी आमचे मेहुणे पुण्यात नारायण पेठेत राहत. रात्री उशिरा एस.टी.डी.चा दर उतरला की ते मुंबईला फोन लावून बसत. त्यांचा मोडेम सेकंदाला सुमारे २४० अक्षरे नेई. म्हणजे वहीच्या पानाएवढा मजकूर जायला आठदहा सेकंद. “तेवढ्यात मी पाणी पिऊन येत असे,” ते सांगतात. “आणि तुमच्या वहिनी जाग्या होऊन बिलाची आठवण करून देत, तेही तेवढ्यातच.”

१९९४ साली या हौशी मंडळींवर संकट आले. दूरसंचार विभागाने असे फलक चालवणाऱ्यांकडून परवान्यापोटी वर्षाला १५ लाख रुपये मागण्याचे धोरण जाहीर केले. घरातल्या एका खोलीत, पदरचे पैसे घालून चालवलेल्या फलकाला १५ लाख! पाणपोई घालणाऱ्याकडून धरणाची पाणीपट्टी मागावी तसे हे झाले. दिल्लीत अरुण मेहता आदी मंडळींनी ‘फ्री’ या आद्याक्षरांची संघटना काढून या धोरणाला विरोध केला. वाद चालू होता, तोच १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने जनतेसाठी इंटरनेट खुले केले आणि हळूहळू लोक तिकडे वळले. पिनकोडचा आणि इंटरनेटचा वाढदिवस एकच हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. फलक एकेक करून मिटले. मेहुण्यांनीही मोडेम कापडात गुंडाळून माळ्यावर टाकला.

तो उतरला रिह्यात आल्यावर. म्हणजे मोडेम शोभेला म्हणून टेबलावर आहे. आता फोन फिरवावा लागत नाही, तेच जुने पत्त्यांचे आकडे आणि तेच नियम इंटरनेटच्या तारेवरून चालतात. पत्त्यांच्या डब्याएवढा एक संगणक देवघराशेजारच्या कोनाड्यात बसवला आहे. फिडोनेटच्याच वळणाचे एक छोटे हौशी जाळे आहे, त्यात यांचे घर. नाशिकचे एक निवृत्त गृहस्थ यांच्या वरच्या टप्प्याला, आणि यांच्या खाली तिघेचौघे. त्यांची पत्रे यांच्या मार्फत जातात-येतात.

मला यात ओढण्याचे कारण माझे व्याकरण. श्रावणात एका रविवारी आम्ही रिह्याला गेलो होतो. मेहुण्यांनी चहा संपण्याआधीच मला कोनाड्यापाशी नेले. “जावईबापू, तुम्ही नियमांचे मास्तर. हे जरा पाहा.”

पडद्यावर दहाबारा ओळींचा मजकूर होता. हाच त्या टपालकचेरीचा नकाशा. कोणत्या पत्त्याचे पत्र पुढे कोणाच्या हवाली करायचे, हे त्यात एकेका ओळीने सांगायचे असते. एका बाजूला पत्ता, दुसऱ्या बाजूला पुढचे घर. सगळ्या जगाचे पत्ते कोण लिहीत बसणार? म्हणून तारकेची सोय. आकड्याच्या जागी तारका टाकली की ‘कोणताही’ असा अर्थ. नुसत्याच तारकांची ओळ म्हणजे ‘बाकी सगळे’. मेहुण्यांनी ‘बाकी सगळे नाशिककडे’ असे लिहून ठेवले होते, आणि ते रास्तच होते.

भानगड कोल्हापूरच्या पत्राची होती. कोल्हापूरचा एक कॉलेजातला मुलगा नुकताच यांच्या हाताखाली सभासद झालेला. त्याच्या नावाचे पत्र बाहेरून नाशिकला आले. नाशिककरांच्या नकाशात लिहिलेले : ‘त्या बाजूचे सगळे रिह्याकडे.’ आले रिह्याला. रिह्याच्या नकाशात कोल्हापूरची ओळच नव्हती. तेव्हा ते ‘बाकी सगळे’ या सदरात पडले आणि परत नाशिकला गेले. नाशिकने पुन्हा रिह्याला पाठवले. सून म्हणते सासूबाईंना विचारा, सासू म्हणते सुनेला विचारा, आणि दारातला पाहुणा पाण्यावाचून उभा! अशा पत्रावर प्रत्येक घर आपला शिक्का उमटवते, कोणाच्या मार्फत केव्हा गेले त्याचा. त्या पत्राखाली रिहे, नाशिक, रिहे, नाशिक अशी ४१ शिक्क्यांची माळ झाली होती. दोन दिवस ते बिचारे सह्याद्रीच्या कडेने येरझारा घालीत होते. दोन्ही घरे आपापल्या नियमाप्रमाणे अगदी बरोबर वागत होती. चूक फक्त दोघांच्या मध्ये होती.

पत्र दाखवताना मेहुण्यांनी एक गोष्ट केली, ती मला फार आवडली. शिक्के दिसावेत म्हणून पत्र उघडावे लागले, आणि उघडले की मजकूरही दिसतो. त्यांनी त्या दिवशीचे वर्तमानपत्र पडद्याच्या मधल्या भागावर धरले. “वाटेतले पत्र आहे,” ते म्हणाले, “आपले नाही.” फिडोनेटच्या १९८९च्या नियमावलीतही हेच सांगितले आहे, की वाटेत हाती आलेला दुसऱ्याचा खाजगी मजकूर उघड करायचा नाही. पण रिह्यातल्या त्या खोलीत नियमावलीचा शिपाई नव्हता. होतो मी आणि ते. तरीही वर्तमानपत्र हलले नाही.

कोल्हापूरची ओळ त्यांनी आदल्या रात्रीच घातली होती, तरी पत्र नाशिकलाच पळत होते. म्हणून तर मास्तरची आठवण! मी नकाशा वरून खाली वाचला. ‘बाकी सगळे’ ही ओळ मधोमध होती आणि कोल्हापूर तिच्या खाली. मी विचारले, “हे यंत्र ओळी कशा वाचते?”

“वरून खाली. पहिली लागू पडेल ती घेते आणि पुढे पाहतच नाही.”

मग कोडे उलगडलेच म्हणायचे. वाचकहो, व्याकरणात उत्सर्ग आणि अपवाद असे दोन शब्द आहेत. उत्सर्ग म्हणजे सर्वसाधारण नियम. आकारान्त पुल्लिंगी नामाचे अनेकवचन एकारान्त होते : घोडा-घोडे, आंबा-आंबे. पण काका, मामा, दादा ही नात्याची नामे बदलत नाहीत. हा अपवाद. अपवाद हा उत्सर्गापेक्षा बलवान, हे आपले वैयाकरण फार पूर्वी सांगून गेले. आता एखाद्या बिनडोक शिष्याला आधी सर्वसाधारण नियम सांगा आणि त्यावरच त्याला उठू द्या. तो मामाचे ‘मामे’ करून मोकळा होईल. हे यंत्र तसला शिष्य आहे. त्याला अपवाद आधी सांगायचे, आणि ‘बाकी सगळे’ अगदी शेवटी. ओळ खाली नेली. अर्ध्या तासाने नाशिकचा टप्पा आला, पत्र आले, आणि कोल्हापूरला गेले. मेहुण्यांनी मला पेढा दिला आणि स्वतःही खाल्ला. पाणिनीला मात्र कोणी विचारले नाही.

एवढ्यात शेजारचे एक आजोबा भाताच्या खताविषयी काही विचारायला आले. मुंबईत डबे पोचवण्याचे काम आयुष्यभर करून ते गावी परतलेले. डबेवाल्यांतली पुष्कळ मंडळी आमच्या या मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नरकडचीच. १८९० साली महादू हवाजी बच्चे यांनी हे काम सुरू केले, असे सांगतात. मेहुण्यांनी आजोबांना आपले कोडे समजावून देण्याचा घाट घातला. ते मध्येच म्हणाले, “हां हां, कळलं. आम्ही डब्यावर नाव लिवतच नव्हतो. नाव कशापायी? मला दादरला उतरवायचाय का पुढं न्यायचाय, येवढंच बगायचं. बिल्डिंग बगल तो बगल तिथला.” जे समजायला मला रविवारची निम्मी दुपार लागली, ते त्यांनी चपला न काढता सांगितले. झाकणावर रंग, आकडे, अक्षरे यांच्या खुणा. घराकडचा माणूस वेगळा, गाडीतला वेगळा, हपिसाकडचा वेगळा. आणि रिकामा डबा त्याच वाटेने उलटा घरी. जाताना त्यांनी एक प्रश्न टाकला : “आणि तुम्ही आजारी पडला की मग?”

“म्हणजे?”

“आमच्यात एकादा नाही आला तर बदली मानूस ठेवल्याला असायचा. डबा थांबत नाही. तुमच्या ह्यात बदली कोन?”

मेहुणे हसले आणि विषय खताकडे वळला.

भाद्रपदात एका सकाळी वहिनींचा फोन आला. छातीत कळ आली होती, तपासण्या झाल्या होत्या, दुसऱ्या दिवशी ॲन्जिओप्लास्टी करायची ठरली होती. आम्ही इस्पितळात धावलो. दादा खाटेवर बसून होते, चेहरा उतरलेला, पण बोलणे नेहमीचे. पत्नी त्यांच्यापाशी बसली. बोलता बोलता तिला कळले, की आदल्या रात्री इस्पितळात दाखल होण्यापूर्वी त्यांनी संगणकासमोर बसून जाळ्याच्या यादीत आपल्या घरापुढे एक शब्द लिहिला होता : ‘होल्ड’. या यादीत दोन शब्दांचा सांकेतिक अर्थ आहे. ‘डाउन’ म्हणजे घर बंद, इकडे काही पाठवू नका. ‘होल्ड’ म्हणजे घर तात्पुरते बंद, आमची पत्रे वरच्या घरी जपून ठेवा.

“म्हणजे नाशिकच्या त्या परक्या माणसाला काल रात्रीच कळलं,” पत्नी म्हणाली, “आणि सख्ख्या बहिणीला आज सकाळी! तेही वहिनींनी सांगितलं म्हणून!” तिच्या डोळ्यांत पाणी होते. रागाचे की काळजीचे, हे तिलाही सांगता आले नसते.

दादा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तुला सांगायचं तर तुला रात्रभर झोप लागली नसती. त्यांना सांगितलं नसतं तर चौघांची पत्रं अडकली असती. ज्याला ज्या वेळी सांगायला हवं त्याला त्या वेळी सांगितलं.”

“आणि ‘डाउन’ का नाही लिहिलंत?” मी उगाच काहीतरी विचारायचे म्हणून विचारले.

“परत यायचंय ना,” ते म्हणाले.

नऊ दिवसांनी ते घरी आले. नाशिककरांनी नऊ दिवसांची पत्रे बांधून ठेवली होती, ती त्यांनी पहिल्याच संध्याकाळी उतरवून घेतली आणि ज्याची त्याला रवाना केली. त्यांतले एकही त्यांचे स्वतःचे नव्हते. वहिनी मात्र आता कंटाळल्या होत्या. त्यांनी सरळ विचारले : वीज आपली, जागा आपली, उठाठेव आपली, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली, आणि पत्रे कोणाची, तर ज्यांना आपण ओळखतही नाही त्यांची. शिवाय आज ज्याच्या त्याच्या खिशात फोन आहे. क्षणात निरोप जातो. मग हे कशाला?

प्रश्न बरोबर होता. मलाही तो कितीदा पडला होता. दादांचे उत्तर मी शक्य तेवढे त्यांच्याच शब्दांत देतो. “फोनवरून जो निरोप जातो तो कोणाच्या मार्फत जातो, मला माहीत नाही. कोणीतरी नेतो, आणि त्याबद्दल काहीतरी घेतोही. काय घेतो तेही मला नीट सांगता येणार नाही. इथं कोण नेतो ते मला माहीत आहे. नाशिकचे ते गृहस्थ नेतात. मी नेतो. आमची नावं त्या पत्राच्या पाठीवर शिक्क्यासारखी आहेत. हरवलं तर कोणाला विचारायचं ते ठाऊक आहे. सत्तरी उलटल्यावर माणसाला, कोणाच्या तरी उपयोगी पडायचं तर अजून काय करता येतं? मला एवढंच येतं.”

वहिनी काही बोलल्या नाहीत. पण कोनाड्यातल्या संगणकाला जी बॅटरी जोडली आहे तिचा दिवा पाहण्याचे काम त्या दिवसापासून त्या करतात. वीज गेली की आधी देवापुढे निरांजन लागते, मग तो दिवा पाहिला जातो.

राहिला प्रश्न शेजारच्या आजोबांचा : बदली कोण? दसऱ्याला आम्ही पुन्हा रिह्याला गेलो तेव्हा दादांनी माझ्या मुलीला समोर बसवले. ती नववीत आहे. मामाने तिला नकाशा दाखवला, तारकेचा अर्थ सांगितला, ‘बाकी सगळे’ शेवटी का ते सांगितले. मामाचे ‘मामे’ होतात हा माझा विनोदही त्यांनी तिला सांगितला, स्वतःचा म्हणून. आमच्या पुण्याच्या घरी तिच्या टेबलावर तसलाच एक छोटा संगणक आता आहे. खालच्या चौघांना आणि नाशिकला दुसऱ्या वाटेचा पत्ता कळवून झाला आहे. रिह्याच्या घराने ठरावीक वेळ ओ दिली नाही, तर त्यांनी तिच्या घराला हाक मारायची.

तिने अडचणीचे प्रश्न पुष्कळ विचारले. परीक्षेच्या दिवसांत काय? सहलीला गेले तर काय? मग तिने स्वतःच सांगितले, की ‘होल्ड’ लिहून जाईन. शेवटचा प्रश्न तिने विचारला तेव्हा वहिनी चकल्यांचे ताट घेऊन दारात उभ्या होत्या.

“मामा, समजा कोणाचं पत्र उघडलं गेलं चुकून, तर?”

“तर वर्तमानपत्र धरायचं,” मामा म्हणाले.

“आमच्याकडे वर्तमानपत्र बाबा दिवसभर सोडत नाहीत.”

“मग डोळे मिटायचे.”

नकाशात यंत्रासाठी नसलेली, फक्त माणसांनी वाचायची ओळ लिहायची सोय असते. तिच्या आरंभी एक खूण केली की यंत्र ती ओळ सोडून पुढे जाते. दादांनी त्या दिवशी ‘बाकी सगळे’च्याही खाली अशी एक ओळ मराठीत लिहिली. मी ती वाचली आणि पत्नीला वाचून दाखवली नाही. तिने नंतर आपण होऊन वाचली. ती अशी : ‘मी नसताना भाचीकडे. तिला त्रास देऊ नये, ती अभ्यास सांभाळून करते.’

मुलीने पहिला टप्पा गेल्या मंगळवारी सांभाळला. रिह्याला सकाळपासून वीज नव्हती, बॅटरीही संपली होती. तीन पत्रे तिच्या टेबलावरून गेली. जेवताना आईने विचारले, “काय होतं गं त्यांत?”

“मला काय माहीत?” ती म्हणाली, “आपली नव्हती.”